आबांची हिरवळ

कोकणात हिरव्या रंगाला तोटा नाही, असे घाटावरच्या माणसाला वाटते. आषाढ-श्रावणात तो येथे आला, तर त्याचे हे म्हणणे खोडून काढणे कोणालाही जमणार नाही. त्या दिवसांत जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ चढते, विहिरीच्या कडांतून नेचे डोकावतात आणि सड्यावरच्या उघड्या कातळातही जेथे चिमूटभर माती साठली असेल, तेथे इवलाली रोपे फुलून येतात. कोणी पेरले नाही, कोणी पाणी घातले नाही, तरी सारे हिरवे! परंतु हे वैभव पाहुण्यासारखे येते आणि पाहुण्यासारखेच निघून जाते. दिवाळी सरली की गवत पिवळे पडू लागते, आणि शिमग्याच्या सुमारास सडा पुन्हा उघडा, करपलेला दिसतो. हिरवे होणे येथे सोपे आहे. हिरवे राखणे मात्र कठीण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा शाळेच्या अंगणात ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली.

ही शाळा समुद्रापासून फार दूर नव्हती. वर्गात शांतता असली म्हणजे समुद्राची गाज ऐकू येई. शाळेची इमारत जांभ्या चिऱ्याची होती आणि तिच्यापुढचे अंगणही जांभ्याचेच होते. ते सपाट होते, पण खरबरीत होते. मधल्या सुटीची घंटा झाली की पहिली-दुसरीतली मुले अंगणात धाव घेत, आणि सुटी संपेपर्यंत त्यांतील दोघातिघांचे गुडघे फुटलेले असत. औषधांची पेटी शाळेचे शिपाई आबा यांच्या ताब्यात असे. रोज जखमा धुवाव्यात, औषध लावावे आणि रडणाऱ्या मुलाला वर्गात पोहोचवावे, हे त्यांचे नित्याचे काम होऊन बसले होते.

"या मुलांना धावू देऊ नका," असे एकदा कोणीतरी सुचविले. आबा म्हणाले, "धावणे आणि पडणे हे या वयाचे कामच आहे. ते बंद करता येणार नाही. जमीन मऊ करता आली तर पाहू."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आबांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि अंगणाचा चाळीस फूट लांब व तीस फूट रुंद असा तुकडा आखला. पहार आणि टिकाव घेऊन त्यांनी वरचा कातळ फोडला. गावातल्या दोन तरुणांनी त्यांना हात दिला. फोडलेल्या जागेत नदीकाठचा पोयटा, थोडी वाळू आणि चाळलेले शेणखत यांचा फूटभर थर दिला. वरच्या वर्गांतील मुले सकाळच्या वेळी येऊन माती वाहत. त्यांत सहावीत जाणारा एक मुलगा होता. तो कोणी न बोलावताही येई, आणि इतर मुले दमून घरी गेली तरी त्याचे घमेले चालूच असे. त्याची धाकटी बहीण पहिलीत होती, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या.

माती पसरताना आबांनी एक गोष्ट फार काळजीपूर्वक केली. शाळेच्या बाजूला जमीन किंचित उंच आणि गडग्याच्या बाजूला किंचित सखल ठेवली, व गडग्याच्या पायथ्याशी चर खणला. मुलांना या खटाटोपाचे आश्चर्य वाटले. हिरवळीला पाणी हवे असताना पाणी बाहेर घालविण्याची वाट कशाला? आबा म्हणाले, "आपल्याकडे पाणी आणणे अवघड नाही. त्याला जायला सांगणे अवघड आहे." त्यांचे म्हणणे खरेच होते. या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मुळांनाही हवा लागते. पाणी साचून राहिले की मातीतली हवा निघून जाते आणि मुळे कुजू लागतात.

मृगाचा पाऊस पडल्यावर आबांनी गवत लावावयास घेतले. हे गवत त्यांनी कोठून विकत आणले नाही. शेताच्या बांधावरची हरळी त्यांनी उपटून आणली, तिचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे केले आणि चार-चार इंचांच्या अंतराने ते ओल्या मातीत खोचले. शेजारचा शेतकरी गडग्यावर हात टेकून हे पाहत उभा होता. त्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "आबा, हरळी काढता काढता माझी कंबर मोडली, आणि तुम्ही ती हौसेने लावता?"

"तुम्हाला जी जाता जात नाही, तीच मला हवी आहे," आबा उत्तरले.

हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहणाऱ्या हातांना ती चांगली परिचयाची असते. पण ती जगते कशी, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दूर्वांना दोन प्रकारची खोडे असतात. एक जमिनीवरून सरपटत जाते आणि प्रत्येक पेऱ्यापाशी मुळे सोडते. दुसरे जमिनीखालून लपून चालते. वरचे खोड गुरांनी खाल्ले, उन्हाने जाळले किंवा पायांनी तुडविले, तरी खालचे शाबूत असते. सुमारे २७ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत दूर्वा जोमाने वाढतात. समुद्रावरून येणारा खारा वाराही त्या बऱ्यापैकी सोसतात. त्यांना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली.

बंगल्यापुढे किंवा मैदानात हिरवळ राखण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली ती मुख्यतः इंग्रजांच्या अमदानीत. त्यांच्या देशात हवा थंड असते आणि पाऊस बारीक पण वर्षभर पडत राहतो. त्यामुळे तेथली हिरवळ बाराही महिने सहज टिकते. गवत कापण्याचे यंत्रही तिकडचेच. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने ते १८३० साली तयार केले. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही युक्ती सुचली होती. यंत्र कोठेही नेता येते. परंतु हवा कोणाला नेता येत नाही. तिकडच्या गवताचे नियम इकडच्या दमट उकाड्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथल्या हिरवळीला येथलेच गवत हवे, आणि ते राखावयाचे तर येथल्या ऋतूंशी समजुतीने वागले पाहिजे.

पावसाळ्यात आबांना क्षणाची उसंत नसे. ऊन पडले की गवत वाढे, आणि त्याच्याबरोबर नको असलेले सोबतीही वाढत. टाकळा आणि लाजाळू उपटून निघत. पण लव्हाळा मोठा चिवट. वरची पात ओढली की ती हातात येई आणि जमिनीतली गाठ तशीच राही. चार दिवसांनी त्या गाठीतून नवी पात उभी! म्हणून आबा खुरप्याने खोल खणून गाठीसकट तो काढीत. गवत कापण्याचा त्यांचा एक नियम ठरलेला होता: जेवढे वाढले असेल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एका वेळी कापावयाचे नाही. दीड इंच झाले की ते एक इंचावर आणीत. पाने हेच गवताचे स्वयंपाकघर. सूर्यप्रकाशात तेथे अन्न तयार होते. सगळी पाने एकदम छाटली, तर मुळांना पोसणार कोण?

खत घालतानाही ते असेच सावध असत. मुसळधार पाऊस नुसते पाणीच आणीत नाही. मातीतला कस विरघळवून तो वाहून नेतो. म्हणून एकदाच ढीगभर खत न घालता, पावसाने उघडीप दिली की बारीक चाळलेले शेणखत ते मूठमूठ पसरीत. पावसाची झड लागली असेल तेव्हा मुलांना हिरवळीवर पाऊल टाकण्यास बंदी असे. ओली माती तुडविली की ती दगडासारखी घट्ट बसते, हे त्यांना ठाऊक होते.

गौरी-गणपती झाले आणि हिरवळ सर्वत्र मिळून आली. नवरात्रात पहिलीतल्या मुलांनी तिच्यावर पहिल्यांदा पकडापकडी खेळली. कितीतरी मुले पडली. रडले मात्र कोणीच नाही. आबांची औषधांची पेटी त्या दिवशी उघडली गेली नाही.

परंतु कोकणातला ऑक्टोबर मोठा फसवा असतो. पाऊस गेलेला असतो, ऊन चटचट लागते, आणि हवेतला ओलावा मात्र हटत नाही. अंगाचा घाम वाळता वाळत नाही. अशा दिवसांत हिरवळीवर एके सकाळी वीतभर रुंदीचे, पेंढ्याच्या रंगाचे एक वर्तुळ दिसले. दोन दिवसांनी तशी पाच वर्तुळे झाली. पहाटे वाकून पाहिले, तर त्यांच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दवात चमकत. ती बुरशी होती.

आबांना कोडे पडले. दर चार-पाच दिवसांनी सकाळी भरपूर पाणी द्यावे आणि मध्ये जमीन वाळू द्यावी, असा त्यांचा प्रघात होता. मग इतका ओलावा आला कोठून? एके दिवशी तिन्हीसांजेला ते शाळेकडे परतले, तेव्हा उत्तर त्यांना समोरच दिसले. माती वाहणारा तोच मुलगा झारी घेऊन हिरवळीवर पाणी शिंपीत होता. रोज संध्याकाळी येऊन, कोणाला न सांगता, तो हे करीत असे.

आबांना पाहून तो चपापला. पण भ्याला नाही. "ऊन फार आहे, आबा. गवत वाळू नये म्हणून मी रोज पाणी घालतो," तो अभिमानाने म्हणाला.

आबा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी त्याला जवळ बसविले आणि ती पिवळी वर्तुळे दाखविली. "बाळ, हे उन्हाने झालेले नाही," ते म्हणाले. "आपल्या हवेत आधीच ओल असते. संध्याकाळी घातलेले पाणी पात्यांवरून उडून जात नाही. रात्रभर तसेच राहते, आणि वर दव पडते. बुरशीला याहून अधिक काय हवे? शिवाय रोज थोडे थोडे पाणी वरच्यावर मिळाले, की मुळे खाली जायचा आळस करतात."

मुलाचा चेहरा उतरला. ज्या हिरवळीसाठी त्याने उन्हात माती वाहिली, तिला आपल्याच हातांनी अपाय झाला, हे त्याला सहन होईना. डोळे भरून आले, तसे त्याने तोंड फिरविले. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी घालायला कोणालाही येते. केव्हा घालू नये, हे शिकावे लागते. मलाही ते कोणीतरी शिकविले होते. उद्या पहाटे ये."

दुसऱ्या दिवसापासून दोघे मिळून कामाला लागले. पाणी काही दिवस अजिबात बंद केले. मेलेले गवत दंताळ्याने ओढून काढून दूर पुरून टाकले. रोज पहाटे तो मुलगा एक लांब, लवचिक बांबू गवतावरून फिरवून पात्यांवरचे दव झाडून टाकी. मऊ मातीत काटेरी फावडे रोवून तिला हवा दिली. थंडी सुरू होता होता बुरशी थांबली, आणि वर्तुळांच्या कडांनी दूर्वांनी आपले बारीक धावते हात आत टाकले.

खरी परीक्षा पुढेच होती. जेथे पावसाळ्यात पाण्याला वाट काढून द्यावी लागते, तेथेच चैत्र-वैशाखात पाण्याची वाट पाहावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. पडलेल्या पावसातले पुष्कळसे पाणी उतारावरून समुद्राला मिळते, आणि जे मुरते तेही झिरपून निघून जाते. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर वरच्या वाडीतल्या विहिरी आटल्या आणि बायका शाळेच्या विहिरीवर येऊ लागल्या. पहाटे रहाटापाशी घागरींची रांग लागे.

आबांनी त्याच दिवशी झारी कोठीत ठेवून कोठीला कुलूप लावले.

मुलगा धावत आला. "आबा, ऑक्टोबरात पाणी नको होते, ते मला कळले. पण आता तर ऊन नुसते भाजून काढते आहे! आता पाणी नाही घातले तर हिरवळ मरेल."

"मरेल कदाचित," आबा म्हणाले. "पण या विहिरीवर पहिला हक्क घागरीचा, मग झारीचा."

मुलाने रांगेकडे पाहिले. दोन घागरींसाठी चढण चढून आलेली एक म्हातारी रहाटाच्या कठड्याशी टेकली होती. तो पुढे काहीच बोलला नाही.

मे महिन्याच्या अखेरीस हिरवळ उरली नव्हती. उरले होते ते तांबूस, करपलेले गवत. पायाखाली ते कुरकुर वाजे. शाळेच्या समितीतले एक गृहस्थ अंगण पाहून म्हणाले, "हे खरवडून काढा आणि फरशी घाला. दर वर्षी हा व्याप कशाला?" मुख्याध्यापकांनाही ते पटत चालले होते. त्यांनी आबांना बोलावून विचारले.

आबांनी खुरपे आणले, सुकलेल्या गवतात एक वीत खोल खणले आणि मातीचे ढेकूळ वर काढून मुख्याध्यापकांच्या हातावर ठेवले. मातीत पांढुरके, दाभणासारखे एक खोड होते. त्यांनी ते नखाने मोडले. आत किंचित ओल होती. "पाने वाळली आहेत, साहेब. हे झोपले आहे. सारेच झोपले आहे की काही मेलेही आहे, हे मी आज सांगू शकत नाही. मला मृगाचे पंधरा दिवस द्या."

"दिले," मुख्याध्यापक म्हणाले.

मृग लागला, पण पाऊस आला नाही. आकाशात मळभ दाटे आणि विरून जाई. शाळा उघडली, तरी अंगण तांबडेच होते. मुलगा आता सातवीत गेला होता. दप्तर वर्गात ठेवण्यापूर्वी तो रोज गवतापाशी वाकून पाही आणि काही न बोलता आत जाई. एके दुपारी समुद्राकडून काळे ढग चालून आले. वारा सुटला, माडांच्या झावळ्या खळखळू लागल्या, आणि कौलांवर टपोरे थेंब वाजले. मग पाऊस असा कोसळला की गडग्याजवळचा चर तुडुंब वाहू लागला. दुसऱ्या दिवशी मातीवर काहीच दिसले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या सकाळी मुलगा वाकला तो वाकलेलाच राहिला. करपलेल्या काड्यांच्या मधून सुईच्या टोकांसारखे हिरवे अंकुर शेकड्यांनी वर आले होते.

सगळेच परत आले असे मात्र नाही. अंगणाच्या कोपऱ्यात आंब्याच्या फांदीखालचा तुकडा उघडाच राहिला. तेथली मुळे सावलीमुळे आधीच दुबळी होती. उन्हाळा त्यांना झेपला नाही. मुलाने तेथे पुन्हा दूर्वा लावण्याचा हट्ट धरला, तेव्हा आबांनी मान हलविली. "जेथे तिला राहवत नाही, तेथे तिला कोंडू नये," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात चौथीतल्या मुलांनी त्या उघड्या जागेत गोट्यांसाठी गल खणली, आणि ती जागाही कामाला आली. फरशीचा विषय पुढे कोणी काढला नाही.

पाऊस सरला. पुन्हा तो फसवा ऑक्टोबर आला. एके संध्याकाळी ऊन कलल्यावर तो मुलगा झारी भरून हिरवळीच्या कडेला येऊन उभा राहिला. दिवसभराच्या उन्हाने गवत मलूल दिसत होते. त्याची बहीण मैत्रिणींबरोबर त्यावर धावत होती. धावता धावता ती सपशेल पडली, उठली, फ्रॉक झटकला आणि हसत पुन्हा धावत सुटली. तिच्या गुडघ्यांवर आता जुन्या व्रणांचे पुसट डागच राहिले होते.

मुलगा खाली बसला. त्याने गवतात बोटे घातली आणि दोन पेरे खोल माती चाचपून पाहिली. माती गार होती. तेवढ्यात वर्गांना कुलपे लावून आबा ओसरीवर आले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते पाहत राहिले. मुलाने भरलेली झारी उचलली, विहिरीजवळच्या मिरचीच्या रोपांच्या मुळाशी ती रिकामी केली, आणि बहिणीला हाक मारून तो घराकडे निघाला.